कोरड्या गुहांतला हिवाळा

रविवार, ६ ऑक्टोबर

नाही म्हणाली! मला! अख्खी हयात समुद्रात डायव्हिंग केलेल्या बाईला!

डर्व्हला — जिला मी भूगोल शिकवला, जिच्या नकाशात शॅनन नदी डोंगर चढून जायची — ती आज माझ्याच घरचा चहा पीत मला सांगते, "मिस, पाण्याने भरलेल्या गुहा नंतर. आधी हा हिवाळा कोरड्या गुहांत घालवा. तुम्हाला शिकवायचं की नाही, ते मार्चमध्ये ठरवू."

ठरवू म्हणे! गुहेतलं डायव्हिंग शिकवणारी आयर्लंडच्या या क्लेअर परगण्यात ती एकटीच, म्हणून हा तोरा. आणि निवृत्त झाल्यापासून मला दुसरं काही नकोच आहे. गिळला अपमान.

रविवार, २० ऑक्टोबर

याला कोरडी म्हणतात! गुडघाभर ओढा, मानेत थेंब, नाकात चिखल. सरपटताना कोपरं सोलली.

प्रत्येक फाट्यावर डर्व्हला थांबवते. "मिस, मागे वळून बघा."

"अगं, आत्ताच तिथून आले ना मी!"

"बघा तर."

बघितलं. वाट ओळखूच येईना! परतीच्या बाजूने तिचं तोंडच निराळं. चुनखडीवर मी वर्गात तासन्‌तास बोलले, हे कधी बोलले नाही. पोरगी शिस्तीची आहे, एवढं मान्य.

रविवार, १७ नोव्हेंबर

तमाशा! आत जाताना बाहेरच्या कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवायची. वर आल्याबरोबर फोन करायचा. नाही आला, तर त्या माणसाने बचाव पथक बोलवायचं. आमच्यासाठी हे काम माझी बहीण कन्सेप्टा करते. आज वेळेत वर आलो, पबमध्ये शेगडीजवळ बसलो, सूप मागवलं. फोन? मला वाटलं डर्व्हलाने केला, तिला वाटलं मी केला!

घरी येतो तर स्वयंपाकघरात पथकाची धिप्पाड माणसं, निघायच्या तयारीत. आणि माझा फळांचा केक निम्मा गायब.

"तू मेलीस असं मी धरून चालले होते," कन्सेप्टा म्हणाली. "केक कशाला वाया घालवायचा?"

डर्व्हलाने एकही सबब सांगितली नाही. प्रत्येकासमोर उभी राहून माफी मागितली. मग सर्वांदेखत मला म्हणाली, "यापुढे फोन मीही करणार, तुम्हीही करायचा. सूप नंतर." एवढा ताठ कणा मी वर्गात फार थोड्या पोरींचा पाहिला.

रविवार, १ डिसेंबर

पाऊस. तिने वर पाहिलं आणि गुहेच्या तोंडाशी जाऊन गाडी वळवली. मी वाटभर बडबडले. दुपारी ओढ्याने ते तोंड गिळलं. बडबड मागे घेतली.

रविवार, १९ जानेवारी

दिवे बंद. तिने बोगद्यात बांधलेली दोरी बोटांत धरून बाहेर यायचं. मध्येच ती सोडायला लावली. आता शोधा!

तसला अंधार! माझाच श्वास घोड्यासारखा ऐकू येत होता. बसल्या जागी हात वाटेल तिथे मारायला लागले.

"मिस, थांबा. कशावर बसलाय?"

"दगडावर! दुसरं काय असणार इथे, सोफा?"

"कसा आहे?"

"ओला. एक कड धारदार."

"मग तो सोडू नका. तिथूनच, एका हाताने शोधा."

सापडली. ती म्हणाली, "इथे चुकलात तर गुडघा फुटतो. तिथे, पाण्याखाली, हवा संपते. तेव्हा हव्या तेवढ्या चुका इथेच करा."

एकदाही आवाज चढला नाही तिचा. दोरी नसती तरी त्या आवाजाला धरून मी बाहेर आले असते.

रविवार, २ मार्च

अरुंद फट. छाती अडकली. पलीकडे छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या शुभ्र, काडीएवढ्या झुंबरांचं दालन — दिव्यात चमकत होतं! थोडं रेटलं असतं तर पोचले असते. पण श्वास अपुरा पडायला लागला होता. म्हटलं, "पुरे. परत."

डर्व्हलाने का ते विचारलं नाही. विचारायचंच नसतं. कोणीही, कुठेही 'परत' म्हटलं की सगळ्यांनी वळायचं. मी वळणार की रेटणार, हेच ती सगळा हिवाळा बघत होती, असं वर आल्यावर म्हणाली. फोन केले. दोघींनी. मग: "डायव्हिंगच्या डॉक्टरांची सही आणा, मिस. एप्रिलमध्ये पाण्यात उतरू."

घरी येईपर्यंत गाडीत मोठ्याने गात होते. लहानपणी शाळेत नन्सनी घोटून घेतलेलं लॅटिन भजन!

गुरुवार, १३ मार्च

डॉक्टरांनी सही दिली नाही. हृदयाचे ठोके चुकतात. पाण्याखाली यापुढे कधीच नाही — समुद्रातही.

डर्व्हलाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चालायला, चढायला परवानगी आहे?"

"आहे."

"तर डायव्हिंगचा वेटसूट विकून टाका, कोरड्या गुहांसाठी गुडघ्यांना चांगल्या पट्ट्या घ्या. रविवारी दहाला येते."

पट्ट्या आणल्या.