पानं पिवळी पडेपर्यंत

११ जानेवारी, रविवार

दुरुस्ती. काल लिहिलं, 'बटाट्याची पानं हिरवीगार आहेत.' खोटं. खालची पिवळी पडायला लागलीत. काल दिसली होती — तरी लिहिलं!

खोडत नाही. दम्यामुळं चौथीपर्यंत माझी शाळा घरीच झाली, बाबाच मास्तर. त्यांचा नियम — चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं. म्हणजे चूक आणि लाज दोन्ही शिल्लक राहतात.

पानं पिवळी पडली की बटाटा तयार. बटाटा तयार झाला की मला उत्तर द्यायचंय. नोव्हेंबरात शंतनू आणि त्याची आई मला बघायला आले होते. "मग, काय विचार?" त्याच्या आईंनी विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "गच्चीवर गोण्यांत जांभळे बटाटे लावलेत. ते निघाले की सांगते." अनसूया आत्याच्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. स्थळ तिनंच आणलेलं. बाबा पंख्याकडे बघत राहिले. शंतनूनं मात्र विचारलं, "किती दिवसांचं पीक आहे?"

तेव्हापासून दर रविवारी तो छावणी भागातून, त्याच्या घरून, येतो. गच्चीवर जातो, गोण्या बघतो, चहा घेतो, जातो. आजही आला.

"आतूनसुद्धा जांभळे?"

"हो. लावताना कापले तेव्हा पाहिलेत."

"मग थांबायला हरकत नाही."

मुलगा चांगला आहे. तीच पंचाईत. वाईट असता तर बाबांना एकटं सोडून जायचा प्रश्नच आला नसता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

१२ जानेवारी

पाच गोण्या. चारांत पिवळं.

१४ जानेवारी, संक्रांत

आत्या तिळगूळ घेऊन आली. "गोड बोल म्हणतात. तू आधी बोल तरी!" मग बाबांना — "मधू, तो पोरगा मुलगी बघायला येतो का बटाटे?"

बाबा म्हणाले, "निर्णय सावनीचा." या विषयावर ते एवढंच बोलतात. मग वर्तमानपत्र उघडतात. वाचून झालेलं.

१८ जानेवारी, रविवार

पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडायचं असतं. मला माहीत आहे. मी तोडलेलं नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी रोज गोण्यांत जातंय. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं मी बटाट्यांना म्हातारं होऊ देत नाहीये.

शंतनूनं मातीत बोट घातलं. "ओली आहे."

"हो."

"अजून पाणी लागतं?"

"थोडं."

त्यानं बोट रुमालाला पुसलं. पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं!

२० जानेवारी

आजपासून पाणी बंद.

२५ जानेवारी, रविवार

माती ओलीच. पाऊस नाही. टाकी गळत नाही — शिडी लावून पाहिलं.

शंतनूनं बोट घातलं आणि बोटाकडेच बघत राहिला.

"मी पाणी बंद केलंय. शपथ."

"शपथ कशाला? बटाटेच आहेत."

मग म्हणाला, आईनं जालन्याचं एक स्थळ थांबवून ठेवलंय. महाशिवरात्रीपर्यंत. "मी थांबलो असतो. आई बटाट्यांसाठी थांबणार नाही. उपासाला खाते, तेवढाच तिचा संबंध."

चहा न घेता गेला. मला जेवण गेलं नाही. बाबांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. वर्तमानपत्र उघडलं.

२७ जानेवारी

आवडाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, अंगणातली तुळस लई सुकली वो. काकांचा देव रुसला का काय?"

खरंच सुकलीय. पण बाबा पूजा चुकवत नाहीत. आणि पूजा झाली की तांब्यातलं पाणी तुळशीलाच जातं. माझ्या जन्माआधीपासून.

२८ जानेवारी

पाहिलं.

बाबा सोवळ्यात, हातात तांब्या. तुळशीच्या बाजूनं मान खाली घालून निघाले ते थेट जिन्यानं वर. गोण्यांना थोडं थोडं, सगळ्यांना सारखं. शेवटच्या गोणीला कमी पडलं. तांब्या उलटा धरून बराच वेळ उभे होते.

मी पाय न वाजवता खाली आले. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "पानं अजून हिरवी आहेत ना?"

मी म्हणाले, "हो."

दोघांनी चहा संपवला.

३० जानेवारी

एका गोणीतून वास आला. उकरलं. वरचाच एक बटाटा बोटांत पिचला. सडलाय. बाकीचे अजून टणक — काळपट जांभळे, आमच्या काळ्या फरशीवर ठेवले तर दिसणार नाहीत असे. आणखी आठवडाभर पाणी मिळालं तर काढायला काही उरणार नाही. उत्तर द्यायलाही कुणी उरणार नाही.

३१ जानेवारी

सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. बाबा तांब्या घेऊन आले. हात लावता येईना — सोवळं. मी नुसतं म्हणाले, "बाबा, तुळस."

ते थांबले. "पूजेचं पाणी. वाया कशाला घालवायचं म्हणून —" वळले. सगळं पाणी तुळशीला घातलं.

मी म्हणाले, "छावणी काही लांब नाही. रिक्षानं वीस मिनिटं."

"पंचवीस," बाबा तुळशीकडे बघत म्हणाले. "दोनदा जाऊन आलोय. संध्याकाळी जास्त लागतात."

१ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्ती. अकरा तारखेला लिहिलं, 'बाबांना एकटं सोडून.' चूक. खोडत नाही. बरोबर उत्तर — पंचवीस मिनिटं.

शंतनू आज आला नाही. मी फोन केला. पहिल्यांदाच. "पुढच्या रविवारी या. घमेलं आणा, आमच्याकडे एकच आहे. आईंनाही आणा. उपासाला पुरतील."

त्यानं विचारलं — "माती कोरडी आहे?"

"होईल. आता कुणीच पाणी घालत नाही."

रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी आठ. आधी बटाटे. मग हो.