सहा घरांचं पाऊल

डहाणू,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय सुषमा,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील असं धरून चालते. विचारायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही.

इकडची मोठी बातमी म्हणजे माझ्यावर अन्याय झाला आहे. कॉलेजने मला नवी फिरती खुर्ची दिली आणि ती खाली जाते. माझ्या वजनाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने, अर्ध्या तासात चार बोटं. परवा एका पोराला गैरहजेरीबद्दल झापायला घेतलं तेव्हा मी त्याच्या हनुवटीशी बोलत होते. संपवलं तेव्हा त्याच्या पट्ट्याच्या बकलाशी. तीन अर्ज केले. हेडक्लार्क म्हणतात, "मॅडम, खुर्ची तो सारी छे, चांगली आहे. तुम्ही जोरात बोलता ना, म्हणून बसते." अठ्ठावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवल्यावर कार्यकारणभावाबद्दल हे ऐकायचं नशिबी होतं.

असो. पत्र खुर्चीसाठी नाही.

सोमवारी तळासरीला, पोरांची वजनमोहीम चालवणाऱ्या संस्थेची समिती बसते आहे. तुझ्या मावशीला, जिवलीला, पोरं तोलण्याच्या कामावरून कायमचं काढायचं का, एवढाच विषय. मार्चपासून ती घरी बसली आहे, ते माझ्या आकड्यावर. वडपाड्यातल्या पोरांची वजनं तिने मुद्दाम कमी लिहिली, असा ठपका आहे. मागच्या आठवड्यात मी तुझं सहा घरांचं पाऊल चालवून पाहिलं. तुझं बरोबर होतं. सोमवारी मी जाऊन तसं सांगणार आहे.

काय सांगणार ते आधी तुला ऐकवते. समितीत संस्थेचे लोक आहेत आणि पाड्यांच्या वतीने बुधीबाई आहे. तिला अक्षर येत नाही आणि ती कुणाचं उगाच ऐकून घेत नाही. तिला पटलं की झालं. म्हणून वाल घेऊन जाणार आहे, तू वर्गात आणायचीस तसे.

झरीच्या पलीकडचे चार पाडे. प्रत्येक पाड्यातली एक ताई पोरं तोलते. पण ताईंनी आपसात नियम केला: आपल्या पाड्यातली पोरं आपण तोलायची नाहीत. नाहीतर जाऊ म्हणते, माझ्या पोराला हलकं का लिहिलंस, आणि विहिरीवर बोलणं बंद. शहाणा नियम आहे, कुठल्याही तज्ज्ञाला न विचारता केलेला. तर जमिनीवर तक्ता काढायचा. आडव्या ओळी पोरांच्या पाड्यांच्या, उभे रकाने तोलणाऱ्या ताईंचे. एक हलकं पोर म्हणजे एक वाल. तिरकी चार घरं फुलीची, तिथे वाल ठेवताच येत नाही.

वडपाड्यातली चौदा पोरं हलकी निघाली, त्यातली अकरा एकट्या जिवलीने लिहिलेली. हे निव्वळ योगायोगाने होऊ शकतं का? ओळींच्या बेरजा त्याच, रकान्यांच्या बेरजा त्याच ठेवून हे वाल आणखी किती तऱ्हांनी मांडता येतील, आणि त्या तऱ्हांत आपला तक्ता कितपत जगावेगळा, हे बघायचं. सगळ्या तऱ्हा मोजणं अवघड, म्हणून कॉम्प्युटरला त्यांच्यातून फिरायला सोडायचं, एका तक्त्यावरून दुसऱ्यावर. मी त्याला दिलेलं पाऊल असं: दोन ओळी, दोन रकाने, चार कोपरे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून एकेक वाल उचल, उरलेल्या दोन कोपऱ्यांत एकेक ठेव. बेरजा जागच्या जागी राहतात.

पण फुल्या आहेत ना. तीनच पाडे असते तर एकही चौकोन बसला नसता. कुठूनही धरा, एखादा कोपरा फुलीवर जातोच. चार पाड्यांत काही चौकोन बसतात, आणि तिथेच फसगत. फिरणारा हलताना दिसतो, आपल्याला वाटतं सगळा मुलूख पालथा घालून आला. प्रत्यक्षात प्रत्येक चौकोनाला चौथा पाडा लागतोच, आणि आपल्या चौथ्या पाड्यात, सुतारपाड्यात, हलकी पोरं दोनच. तिथल्या ताईने लिहिलेलीही तीनच. उचलायला वालच नाहीत. माझा फिरणारा दहा लाख पावलं एका कोपऱ्यात येरझारा घालत होता.

तुझ्या पावलात तीन पाडे घ्यायचे. फुल्या सोडून सहा घरं उरतात, त्यांतून गोल फिरायचं: एकात ठेव, पुढच्यातून उचल. हे पाऊल नसेल तर सगळ्या तऱ्हांपर्यंत पोचता येतं असं म्हणताच येत नाही, हे तू बहुपदींनी सिद्ध करून चार पानांत मला दिलं होतंस. बुधीबाईपुढे बहुपदी काढणार नाही. चौकोनांनी तक्त्यांची बेटं होतात आणि तुझं पाऊल म्हणजे त्यांच्यामधली होडी, इतकं वालांवर दिसतं.

माझ्या पावलाने उत्तर आलं होतं: असा तक्ता हजारात तीन वेळा. तुझं पाऊल घालून: शंभरात एकोणीस. एकोणीसमध्ये कुणी कुणाला घरी बसवत नाही.

आता एक दुरुस्ती. वर मी "मागच्या आठवड्यात" लिहिलं आहे. ते खोटं आहे. खोडत नाही, तुला दिसू दे.

मार्चमध्ये कोसबाडला संस्थेच्या बैठकीत मी माझा आकडा मांडला, तेव्हा तू उठलीस आणि म्हणालीस, "मॅडम, हा फिरणारा अडकलाय." मी म्हटलं, "सुषमा, आपल्या पाड्याचं वजन आपण करायचं नसतं." चाळीस माणसं हसली. ताईंचा इतका चांगला नियम मी तुला मारायला काठीसारखा वापरला. तू तुझी चार पानं टेबलावर ठेवून निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा निवायच्या आत, मी तुझं पाऊल चालवलं होतं. एकोणीसचा आकडा मला आठ महिने माहीत आहे. आधी वाटलं, अहवाल अजून छापला नाही, सांगू. मग छापला. मग वाटलं, आता छापलाच आहे. माझ्यासारखी बाई दुसऱ्यांच्या भित्रेपणावर किती छान बोलते ते तू वर्गात ऐकलंच आहेस.

मागच्या आठवड्यात केलं ते एवढंच की जिवलीकडे गेले. ती गवत कापायला गेली होती. डोक्यावर भारा घेऊन आली, मला बघून भारा उतरवला नाही.

म्हटलं, "जिवलीताई, माझं चुकलं."

"कुठं चुकलं?"

दारातल्या मातीत फुल्यांचा तक्ता काढून दाखवला. तिने उभ्याउभ्याच पाहिला. मग म्हणाली, "किती पावलं चालला म्हणता तुमचा कॉम्प्युटर?"

"दहा लाख."

"दहा लाख. आणि आमच्या पाड्यापर्यंत नाही आला."

मग भारा उतरवला, बसली, पाणी दिलं. "बाई, काट्यात पोर घातलं, हलकं होतं. हलकं होतं म्हणून हलकं लिहिलं. त्यांना माझ्याकडून दुसरं काय लिहून हवं होतं?" आणि म्हणाली, "सुषमा तेव्हा घरी येऊन रडली. मी म्हटलं, मॅडम शिकलेली हाये, तिला वेळ लागंल."

मी मातीतला तक्ता पुसला आणि उठले.

काल संस्थेच्या सुनिल सरांना फोन केला. तेच या मोहिमेचे प्रमुख. म्हणाले, "मॅडम, अहवाल पुढे गेलाय. आता हे काढलंत तर तुमच्याच नावाला बट्टा."

"लागू दे. माझं नाव आहे, मी बघते."

"बरं, पुढच्या आवृत्तीत बारीक टीप टाकू या."

"एक बाई आठ महिने घरी बसली, तिची टीप करता?"

"तुम्ही सिद्ध करू शकता का ती निर्दोष आहे?"

"नाही. तुम्ही सिद्ध करू शकता का की तुम्ही निर्दोष आहात?"

इथे ते हसले. मी हसले नाही. मग म्हणाले की पुढच्या वर्षीचं आकडेवारीचं काम कॉलेजला द्यायचं का, त्याचा विचार करावा लागेल. मी म्हटलं, करा विचार, सवय लागेल. हे काम गेलं तर प्राचार्य मला बोलावतील, तेव्हा उभीच राहीन.

कुणी म्हणेल गणिताने जिवली सुटली. गणिताने ती सुटत नाही. तिच्यावर बोट ठेवायला गणिताचा आधार कधी नव्हताच, आणि आहे असं मी सही करून सांगितलं होतं. सोमवारी समितीपुढे, आणि ऐकायला येणाऱ्या त्याच चाळीस माणसांपुढे, तितक्याच मोठ्या आवाजात, सांगणार आहे. त्यांनी तरीही तिला काढलं तर आकड्याच्या आड न लपता काढावं लागेल. मग मी प्रत्येक पाड्यात वाल घेऊन जाईन. नोकरीची पाच वर्षं उरली आहेत, तोंड त्याहून जास्त टिकेल.

तू ये असं म्हणत नाही. फोन उचल असंही नाही. तू तेव्हा खरं बोललीस, तुला पुन्हा येऊन ते सांगायची गरज नाही.

आज सकाळी तळासरीला जाऊन दुरुस्तीचं टिपण संस्थेच्या कार्यालयात दिलं. तुझी चार पानं त्याला जशीच्या तशी जोडली आहेत, तुझ्या अक्षरात. टिपणाच्या माथ्यावर लिहिलं आहे: पद्धत आणि सिद्धता, सुषमा. मूळ हिशोबातली चूक, निर्मला. आवक क्रमांक पडलेली प्रत सोबत पाठवते आहे. ती तुझी आहे, ठेव.

निर्मला