बिनदाराची खोली

३ मार्च २००८
आलो एकदाचा अकोल्यात! जठारपेठेत कापडाच्या दुकानावरची खोली, एक कॉम्प्युटर, खिडकीतून रसवंतीचे घुंगरू. अमरावतीचं कॉलेज मधातच सोडलं म्हणून घरी सगळे तोंड फुगवून. इथं काम देणाऱ्या जिब्रानभाईंनी विचारलंही नाही. त्यांचा गेम पुरातून माणसं काढायचा. इमारतीच्या यादीत घरं, घराच्या यादीत खोल्या, खोलीच्या यादीत माणसं. आत किती उरले ते मोजायची स्क्रिप्ट माझ्याकडे. शून्य आलं की खेळाडू जिंकला.

७ मार्च
घरांना आमच्या गल्लीतली नावं दिली. खऱ्या गल्लीत आता अर्ध्या घरांना कुलूप आहे. माणसं सुरतेला कामाला गेली.
आकडा चुकला. जिब्रानभाई हसले. म्हणे, अबे हाफ इंजिनियर, तू डब्बे मोजून राहिला, डब्ब्यातले माणसं कोण मोजंल? यादीत यादी दिसली की तिच्या आत उतरायचं. जमलं! सांगायला कोणी नव्हतं. कॉलेजातल्या साधनाला अमरावतीला फोन लावला. ती म्हणाली, पुन्हा फोन करू नको.

८ मार्च
डोकं फिरलं. गेमात एक खोली केली, आत साधनाला ठेवलं. दार केलंच नाही. बस आता.

११ मार्च
सगळे वाचवले तरी आकडा एक. जिब्रानभाई नागपूरला गेले. परत येईपर्यंत शून्य पाहिजे म्हणे. साधनाचं नाव खोडलं. तरी एक.

१२ मार्च
तिचा भाऊ देवमन फोनवर शिव्या देत होता, साधना कुठं लपवली म्हणून. शनिवारपासून ती घरी नाही. तिच्या खोलीची कडी आतून लागलेली, अन् खोली रिकामी.
शनिवारीच मी ती बिनदाराची खोली—

१३ मार्च
बिनदाराच्या खोलीत आणखी एक खोली निघाली. मी केली नव्हती. तिच्या आत अजून एक. प्रत्येकीला दार लिहून खाली उतरतोय. साधना, थांब.
लाइट गेली. पंखा बंद. स्क्रीन चालूच—

१४ मार्च
शेवटची सापडली. तिच्यात एक कॉम्प्युटर, एक खिडकी. आकडा दोन. नावं वाचली. तिचं. माझं.
जिन्याकडे धावलो. जिथं दार होतं तिथं भिंत— गार—
घुंगरू थांबले.
साधना मागे उभी आहे. विचारते, दार कावून नाही केलं. म्हटलं करतो, आत्ता करतो, पण दार लिहायचं बाहेरून असते, आतून कसं