आधी रक्त, मग डोळे

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नेत्रपेढीत फोन, वैशाली नगरहून. गेलेल्या बाईंच्या नवऱ्यानेच केलेला. हिंदीत सुरुवात, माझं आडनाव ऐकल्यावर मराठीत. बँकेतून रिटायर झालेले, मूळचे सांगलीकडचे. "ही गेली. तिनं सांगून ठेवलं होतं. तुम्ही याल ना?"

गेले. काकूंना मुलीने, मेघाने, नवी साडी नेसवून ठेवलेली. ती बंगलोरहून आईच्या आजारपणासाठी आलेली आहे. दारात आडवी उभी. "आंटी, मतलब पूर्ण डोळा काढणार? फिर मम्मी कशी दिसेल?" सांगितलं, फक्त पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. वर प्लास्टिकची टोपी बसवतो, पापण्या मिटतो. काही कळत नाही. "दोघांना दिसेल," हे माझं नेहमीचं वाक्य. त्यावर ती बाजूला झाली. पण तपासणीसाठी रक्तही लागतं हे सांगितल्यावर परत अडली. मांडीतून घ्यायचं तर साडी सोडावी लागणार. "आधी डोळे करा ना. ते मग बघू."

नियम आधी रक्त, मग डोळे. मी हो म्हटलं. बाहेर माणसं खोळंबलेली, पंडितजी घाई करत होते. मीही कमी घाई केली नाही. काका काकूंचा हात धरून बसले होते, त्यांना "उठा आता काका, उशीर होतोय" म्हणून उठवलं.

काम चांगलं झालं. दोन्ही कॉर्निया स्वच्छ. दार उघडलं तशा बायका एकदम आत. मेघाने आईचा चेहरा पाहिला, माझा हात दाबला. काका म्हणाले, "जशीच्या तशी आहे हो." मला बरं वाटलं. म्हटलं, "झालं काका. आता त्यांना कोणी हात लावणार नाही."

गाडीत बाटल्यांवर लेबलं चिकटवताना पाहिलं. रक्ताची नळी रिकामी.

पुढचं उद्या लिहीन.

४ फेब्रुवारी, बुधवार

लिहून टाकते.

गाडी वळवली. घरून तिरडी निघालेली. मोक्षधामला, इथल्या स्मशानात, गेलो. काकूंना अजून चितेवर ठेवलं नव्हतं, खाली चौथऱ्यावर होत्या. रामजीलाल, आमचा ड्रायव्हर, म्हणाला, "मैडम, अभी तो रखी है। बोल दो भाईसाहब को। दो मिनट का काम है।" बरोबर होतं त्याचं. गळ्याजवळून घेता आलं असतं, चादरीचा आडोसा करून. सिरिंज पर्समध्ये होती. दवाखान्यात वारल्या असत्या तर तिथं आधी घेतलेलं तरी रक्त मिळालं असतं. त्या घरीच वारल्या. म्हणजे रक्त मिळायची हीच, एवढीच संधी.

काका बाकावर होते. मला पाहून उठले. हात जोडले. "तुम्हीसुद्धा आलात! तिला किती बरं वाटलं असतं." शेजारच्यांना सांगितलं, "ये वही मैडम हैं. देखिए, यहाँ तक आईं."

मी पण हात जोडले.

मग ते मला आत घेऊन गेले. चितेपाशी सगळे लाकडाचा एकेक तुकडा ठेवत होते. एक माझ्या हातात दिला. ठेवला.

रक्ताच्या तपासणीशिवाय कॉर्निया कुणाला बसवता येत नाही. हे मीच नवीन मुलींना शिकवते.

आज पेढीत सरांना म्हटलं, "रक्त मिळालं नाही." सर म्हणाले, "घरवालों ने जल्दी मचाई होगी. होता है." मी ते तसंच राहू दिलं. म्हणजे खापर मेघावर गेलं. दोन्ही पडदे आता नवीन डॉक्टरांच्या सरावाला.

कॉरिडॉरमध्ये कानोत्याची, जवळच्या गावातली, एक बाई बसली होती. काल संध्याकाळीच फोन करून बोलावलेली, कॉर्निया आलाय म्हणून. कुणी आणि कसा फोन केला विचारत बसले नाही. ऑपरेशनसाठी तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिला परत जायला सांगितलं. तिने माझ्या कोटाची बाही धरून विचारलं, "बहनजी, म्हारो नंबर कद आवैलो?" दोन्ही डोळे पांढरे. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"जल्दी," म्हटलं. कँटीनमधून चहा-बिस्किटं देववली. लाज वाटली त्याचीही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तीयेची बैठक. इकडची पद्धत, तिसऱ्या दिवशी सगळे जमतात. नेत्रदान झालं असेल तर पेढीचं कुणीतरी जाऊन मानपत्र देतं. सर म्हणाले, "मराठी परिवार है, आप ही जाइए." टाळण्यासारखं कारण सापडलं नाही. खरं होतं ते एकच, आणि ते सांगायचं नव्हतं.

कॉलनीचं सामुदायिक सभागृह. पांढऱ्या चादरी. माइकवाल्याने "दो अँधेरी ज़िंदगियों में उजाला" वगैरे सगळं म्हटलं आणि माइक माझ्या हातात. मी म्हटलं, परिवार का आभार. आणि बसले. मेघा नंतर म्हणाली, "आंटी, तुम्ही पण ना, टीचरने उभं केलेल्या मुलीसारख्या बोलता." हसली. किती दिवसांनी हसली असेल.

दोन शेजाऱ्यांनी तिथंच आपली नावं दिली. एक आजोबा म्हणाले, "हमारी भी लिख लो, मोतियाबिंद चलेगा ना?" चालतं म्हटलं.

काकांनी बाजूला घेतलं. "तिचे डोळे ज्यांना मिळाले त्यांचं नाव नको. नियम असतो, माहीत आहे. एवढंच सांगा, बाई आहे की पुरुष?"

"ते पण सांगता येत नाही, काका."

नियमाच्या आड इतकी सोयीस्करपणे आजवर बसले नव्हते.

७ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना सांगितलं. पेपर बाजूला ठेवून ऐकलं. "म्हाताऱ्याचं समाधान कशाला घालवतेस? चूक झाली, संपलं."

नळी विसरले ही चूक. ती कुणाच्याही हातून होईल. पण मोक्षधामात मी विसरले नव्हते. तिथं मी ठरवलं. का? त्यांना परत दुखवायचं नव्हतं, की "तुमच्याकडे काम चुकलं" हे वाक्य चारचौघांत माझ्या तोंडून निघेना? दुसरंच. बऱ्याच अंशी दुसरंच.

हे म्हणतात मी स्वतःला फार महत्त्व देते. असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. घरच्यांनी घाई केली नव्हती, मीच क्रम मोडला, आणि नंतर मागायची संधी होती, मागितलं नाही. सर बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले. रागावले असते तर बरं. म्हणाले, "लिखकर दे दीजिए. लेकिन फॅमिली को नहीं. उस कॉलनी में लोग अभी नाम दे रहे हैं. एक बात फैली तो सब बंद."

हेही खोटं नाही. कानोत्याच्या बाईला कुणाचे तरी लागणारच आहेत.

संध्याकाळी मेघाचा फोन. परवा बंगलोरला निघतेय. "आंटी, पप्पांकडे कधी कधी जाल का? ते ना, आजकल सगळ्यांचे डोळे बघतात. भाजीवाली, बस कंडक्टर. गार्डनमध्ये एक लेडी होती, चष्मा काळा, तिच्याकडे इतकं बघितलं, मुझे सॉरी बोलना पड़ा. म्हणतात, यातली कोणी असेल."

"जाईन" म्हटलं.

मेघा म्हणाली, "अच्छा लगता है वैसे. मतलब, त्यांना काहीतरी आहे."

१० फेब्रुवारी

डोकं दुखतंय. शास्त्री नगरला एक केस. आधी रक्त घेतलं. नळी हातात धरून उभी राहिले तर मृताचा मुलगा म्हणाला, "मैडम, कुछ गड़बड़ है?"

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेले होते. सरांना विचारलं नाही.

काका एकटेच. चहा त्यांनीच केला, आलं किसून. काकूंचा फोटो अजून फ्रेम व्हायचा आहे, पुस्तकाला टेकवून ठेवलेला. मला म्हणाले, "एक बाई दिसली परवा. भाजीच्या गाड्यावर. सारखे डोळे पुसत होती. ऑपरेशननंतर पाणी येतं ना?"

मी सांगून टाकलं. एका दमात, केस सांगावी तसं. नळी, साडी, गाडी, मोक्षधाम, परत पाठवलेली कानोत्याची बाई. मेघाची चूक नाही, हे दोनदा.

काका कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "माझं रक्त चाललं नसतं का?"

नाही म्हटलं.

"हं."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, सुरू होईना. त्यांनी ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी आला नव्हता."

मला वाटलं होतं ते डोळ्यांचं विचारतील. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.

"नाही काका. रक्तासाठी आले होते."

"मी सगळ्यांना सांगितलं. सांगलीला भावालासुद्धा फोनवर सांगितलं, डोळे घेणाऱ्या बाई पोचवायला आल्या होत्या म्हणून."

उठले. चपला घालत असताना ते आतून म्हणाले, "मेघाला सांगू नका." मग लगेच, "नाही. थांबा. मला विचार करू दे. रविवारी तिचा फोन येतो."

दाराशी आले नाहीत. जिना अर्धा उतरल्यावर वरून आवाज, "बाई, त्या कानोत्याच्या बाईंचं नाव काय म्हणालात?"

मी नाव सांगितलंच नव्हतं. मला ते माहीत नाही. विचारलं नव्हतं.