चंद्राची तूट आणि लंगरची भर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार, आणि तोही चांगला कमरेत वाकून. हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. मी आत्ता खरोखर उभा राहून वाकून पाहिलं, दोन्ही पायांचे अंगठे हाताला लागले, आणि मगच पेन उचललं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढताना कठडा धरा, त्यात काही कमीपणा नाही. भाची पास झाल्याचं वाचलं आणि आम्ही दोघांनी लगेच चहा केला (माझा बिनसाखरेचा, तरीही आनंद तेवढाच झाला). तुझी तब्येत मी विचारत नाही, कारण आहारतज्ज्ञ बहिणीला तब्येत विचारली की ती उलट आपलीच विचारायला लागते.

आधी माफी मागून टाकतो. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या तक्त्याचं गणित कच्चं आहे, माझं वजन तू सांगितलंस त्याच्या दुपटीने उतरतंय, आणि तुमच्या रुग्णालयाने माझा अभ्यास करायला एखादा डॉक्टर पाठवायला हरकत नाही. हे सगळं मी बिनशर्त मागे घेतो. डॉक्टर निघाला असेल तर त्याला थांबव.

झालं काय, ते नीट सांगतो. मुलांच्या नाटकात मी गेली अकरा वर्षं चंद्र आहे हे तुला ठाऊक आहे, पण चंद्र उगवतो कसा, हे तू कधी विचारलं नाहीस. (प्रेक्षकांत बसणारे विचारत नाहीत. त्यांना वाटतं, चंद्र आहे म्हटल्यावर उगवणारच.) रंगमंचाच्या छताला एक कप्पी आहे आणि तिच्यावरून दोरी जाते. एका टोकाला पट्ट्याने बांधलेला मी, पुठ्ठ्याच्या डोंगरामागे दडून. दुसऱ्या टोकाला माझा मित्र, ज्याला सगळं थिएटर लंगर (जहाजाचा नांगर असतो ना, तो) म्हणतं, विंगेतल्या उंच फळीवर. अंगाईचं पहिलं कडवं सुरू झालं की तो फळीवरून शांतपणे एक पाऊल पुढे टाकतो आणि खाली यायला लागतो. तो खाली येतो तसा मी वर जातो. तो माझ्यापेक्षा जेवढा जड असायला हवा नेमका तेवढाच जड, म्हणून मी सावकाश, हसऱ्या चेहऱ्याने, कडवं संपता संपता आभाळात पोचतो. ना यंत्र ना वीज, अकरा वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

यंदा दोन हंगामांमधली सुट्टी लांबली आणि मी घरी बसून अंग धरलं. पहिल्याच तालमीत लंगरने पाऊल टाकलं, आणि काहीच झालं नाही. तो तिकडे लोंबकळतोय, मी इकडे लोंबकळतोय, गाणारी बिचारी तिसऱ्या कडव्यावर आली तरी डोंगरामागून चंद्राचं फक्त कपाळ दिसतंय. दिग्दर्शिकाबाईंनी (यांच्यापुढे आमचा दारवानसुद्धा सरळ उभा राहतो) चष्मा पुसला आणि सांगितलं, शुभारंभाला सहा आठवडे आहेत. तोवर चंद्र एका कडव्यात उगवला तर ठीक, नाहीतर चंद्राचं काम घुबड करणाऱ्या काडीपैलवानाला आणि मला डोंगर. ताई, डोंगराला संवाद नाहीत. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत पुठ्ठा पाठीला लावून बसून राहायचं. मी वर पोचलो की खाली अंधारात बसलेली शे-दीडशे पोरं एकदम “आऽऽ” करतात, आणि त्या एका “आऽऽ”साठी मी वर्षभर जगतो. डोंगर बघून कुणी आ करत नाही गं.

म्हणून तुला पत्र टाकलं आणि तू तक्ता पाठवलास. शरीराला दिवसाला चोवीसशे कॅलरी लागतात, तू एकोणीसशे खा. रोज पाचशेची तूट पडली की शरीर ती साठवलेल्या चरबीतून भरून काढतं, आणि आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. इतकं सोपं लिहिलं होतंस की मला ते पुरेसं शास्त्रीय वाटेना. आठवडाभर थोडं थोडं उपाशी राहण्यापेक्षा सगळी तूट एकदाच का उरकू नये, असा विचार करून पहिल्या सोमवारी मी काहीच खाल्लं नाही. मंगळवारी भानावर आलो तेव्हा समोर पावाचं रिकामं पाकीट होतं, लोण्याचा चाटलेला कागद होता, आणि तुझी भावजय कमरेवर हात ठेवून उभी होती. मग व्यायाम धरला. थिएटरचा जिना एकदा वर, एकदा खाली, आणि एवढे कष्ट केले म्हणून कोपऱ्यावर केकचा एक तुकडा. घरी येऊन तक्ता पाहतो तर जिन्याच्या वीस आणि केकच्या साडेतीनशे. तिसऱ्या दिवशी तळलेले बटाटे खाताना मी बटाटे अगदी प्रामाणिकपणे मोजले, पण तेल धरलंच नाही, कारण ते कुठे दिसत नव्हतं. (तू आत्ता कपाळाला हात लावला असशील. काढ तो, पुढचं बरं आहे.)

शेवटी अक्कल आली ती डब्यामुळे. तुझी भावजय दुपारचा डबा ठासून भरते. तिला कितीही सांगा, तिचं म्हणणं एकच, डब्यात जागा दिसली तर लोक काय म्हणतील. (कोणते लोक, हे मला लग्नाला वीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही.) डब्याचा अर्धा भाग म्हणजे बरोबर पाचशे कॅलरी, हे मी तुझ्या तक्त्यावरून काढलं. अन्न टाकायचं नाही ही आईची शिस्त, म्हणून तो अर्धा भाग मी रोज लंगरच्या फळीवर नेऊन द्यायला लागलो. तो शेवटच्या घासापर्यंत संपवायचा. आणि काय सांगू, दुसऱ्या आठवड्यात माझ्या कपाळापाठोपाठ नाक दिसलं, तिसऱ्यात छातीपर्यंत आलो, चौथ्यात अर्ध्या आभाळात. तू म्हणशील, घरी वजनकाटा होता ना? वजनकाट्याशी माझं जुनं वाकडं आहे, तो कायम माझ्याविरुद्ध बोलतो. माझा भरवसा दोरीवर. दोरी सांगत होती की तूट दुपटीने पडतेय, आणि त्याच मस्तीत मी तुला ते पत्र लिहिलं.

गुरुवारी रंगीत तालीम झाली. गाणारीने “आ” म्हणायला तोंड उघडलं, लंगरने पाऊल टाकलं, आणि तिचा पहिला शब्द पुरा व्हायच्या आत मी छतावर होतो. डोकं दिव्यांच्या नळीवर आपटलं, टोपी दिव्यात अडकली, आणि त्याच क्षणी विंगेत धप्पकन मोठा आवाज झाला. मी वरून पाहिलं तर लंगर जमिनीवर बसलेला, विजार शिवणीवर उसवलेली. काडीपैलवान घुबडाच्या पंखांत तोंड लपवून हसत होता. मला मात्र हसू आलं नाही, कारण बाई पुन्हा चष्मा पुसायला लागल्या होत्या.

रंगाचे डबे तोलायला नेपथ्याच्या खोलीत एक मोठा काटा आहे, त्यावर बाईंनी आम्हा दोघांना एकामागून एक उभं केलं. मी सहा आठवड्यांत तीन किलो उतरलो होतो. बरोबर तीन, ताई, सहा आठवड्यांचे अर्धा अर्धा किलो, तू लिहिलं होतंस अगदी तेवढे. आणि लंगर चार किलो वाढला होता. माझी सगळी तूट फळीवर बसून त्याने भरून काढली होती, वर थोडी पदरची घातली होती. मी त्याच्यावर उखडलो. म्हटलं, अरे माणसा, पोट भरलं होतं तर नाही म्हणायचं! त्यावर तो खाली बघत म्हणाला, “तुझे उकडलेले बटाटे मला कुठे आवडतात? पण तू एकटा सहा आठवड्यांत पुरा पडला नसतास. तुला डोंगर झालेलं मला बघवलं नसतं, म्हणून मी खात गेलो.”

ताई, मी तिथेच रडलो. लपवत नाही. अकरा वर्षं जो माझ्यासाठी खाली येतोय, तो माझ्यासाठी जाडही झाला, आणि मला वाटत होतं हे सगळं माझ्या निग्रहाचं फळ आहे. बाईंनी आम्हाला जरा वेळ दिला आणि मग एक वाळूची पिशवी मागवली. तीन किलोची. सहा आठवडे अर्धपोटी राहून जे पोट मी घालवलं, ते वाळूचं करून पट्ट्याने पुन्हा माझ्या पोटावर बांधण्यात आलं. शनिवारी दुपारी शुभारंभ झाला. कडवं सुरू झालं, लंगरने पाऊल टाकलं, मी डोंगरामागून निघालो, सावकाश, एकेक ओळ पार करत, आणि शेवटच्या शब्दावर वर पोचलो. खाली पोरांनी असा “आऽऽ” केला की मला माझी पुढची ओळच आठवेना. बाई विंगेत होत्या, त्यांनी चष्म्याला हात लावला नाही. चंद्राचं काम माझंच राहिलं आहे, आणि डोंगर व्हायची वेळ काही माझ्यावर आली नाही.

भाऊजींना नमस्कार, भाचीला शाबासकी आणि तुला काय द्यावं ते कळत नाही.

तुझा,
चंद्र

ता. क. एक तक्ता आता लंगरसाठी पाठव. चार किलो उतरवायचेत, त्याला धाप लागते. तो जसजसा उतरेल तसतशी माझ्या पिशवीतली वाळू काढायची असं ठरलं आहे.

आणखी ता. क. तो तक्ता लंगरच्या नावाने नको, तुझ्या भावजयीच्या नावाने पाठव आणि वर चार खडे शब्दही लिही, ती फक्त तुझंच ऐकते. लंगर माझ्यासाठी जाड झाला हे कळल्यापासून तिचे डोळे सारखे भरून येतात आणि ती त्याला वेगळा डबा देते. तो माझ्या डब्यापेक्षा मोठा आहे. काल पिशवीत वाळूची एक मूठ वाढवावी लागली.

शेवटचं ता. क. वाळू फार टोचते. लंगरचं म्हणणं असं की बाहेर बांधायचं ते वजन मी आतच का नेऊ नये. मी त्याला चांगलाच झापला. मग रात्रभर विचार केला. तर ताई, तुझ्या तक्त्याला उलटी बाजू असेल तर तेवढी मला पाठव. तीन किलो आणि एक मूठ, जास्त नको.