कंबरेएवढा खोका

अण्णा, तुम्ही शिकवायला नालायक होतात. तुम्ही जाऊन आता एकवीस वर्षं झाली, रागावून उठून येणार नाही, म्हणून सांगते. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात माल नीट भरला जातोय की नाही हे बघायची तुमची नोकरी होती, तेवढीच करायची. पण नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीनं खेळाचं कसलंसं शिबिर भरवलं, त्यात तुम्ही दोन दिवस बसलात, एक झेरॉक्स घेऊन घरी आलात, आणि चिकपेटातल्या आपल्या गच्चीवर आम्हा दोघी बहिणींचे गुरू झालात. अक्का सतरा वर्षांची, मी पंधरा.

मशीनचे सुटे भाग ज्या लाकडी खोक्यांतून जायचे, तसे तीन खोके तुम्ही मागून आणलेत. एक गुडघ्याएवढा, एक मांडीएवढा, एक कंबरेएवढा. वरून खाली उडी टाकायची आणि पाय टेकताक्षणी, तापल्या तव्यावर पडल्यासारखं, पुन्हा वर उसळायचं. प्लायोमेट्रिक हा शब्द तुम्ही इतक्या वेळा म्हणायचात की खालचा साडीवाला एकदा म्हणालाच, "काय अण्णा, पोरींची माकडं करताय काय?" तुम्हाला ते कौतुकच वाटलं. आणि वाईट हे की ते लागू पडलं. दोन महिन्यांत अक्का पळायला सुटली की पहिल्या चार पावलांतच सगळ्यांच्या पुढे. बादल्या नागमोडी मांडल्या तरी त्यांच्यामधून वळताना तिचा वेग पडेना. लांब उडी चांगली वीतभर वाढली. माझी फक्त भूक वाढली. मी कठड्यावर बसून तिच्या उड्या मोजायचे.

त्या झेरॉक्सवर स्वच्छ लिहिलं होतं, आठवड्यातून दोनदाच, मऊ जमिनीवर, मध्ये विश्रांती, कारण पाय सुधारतात ते विश्रांतीत. मी आज शाळेतल्या मुलींना हेच शिकवते, गवतावर, गुडघ्याखालच्या खोक्यावरून. तुम्ही तो कागद स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला होता, म्हणजे वाचला नव्हता असं नाही. पण तुमच्या कारखान्यात एका शिफ्टचं टार्गेट पुरं झालं की दुसऱ्या दिवशी ते वाढवायचं, ही तुमची जन्मभराची एकच विद्या. विश्रांतीचा दिवस म्हणजे तुम्हाला बंद पडलेलं मशीन दिसायचं. म्हणून दोनदाचं सहादा केलंत, तेही सिमेंटच्या कोब्यावर.

राज्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर आली होती. अक्काला स्थळ बघून ठेवलेलं होतं, आणि ती संघात आली तर लग्न थांबवीन असा शब्द तुम्ही दिला होता. तिचं सगळं त्या एका उडीवर होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या सकाळी तुमची कंपनीची बस यायला अर्धा तास आहे. अक्का छोट्या खोक्यावर बसली आहे, नडगी दोन्ही हातांनी धरून.

"अण्णा, आज नको. आत हाडात दुखतंय."

"स्वल्प दुखणारच. चढ वर."

"स्वल्प नाही अण्णा. रात्री कूस बदलता येत नाही मला."

आणि तुम्ही थांबता. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, की तुम्ही थांबला होतात. तुम्ही खोक्यावरचा हात काढता आणि माझ्याकडे वळता. "काय गं, खरं बोलते का ही?" मला उडीत अक्काएवढी गती नव्हती, म्हणून मला खोटं बोलायचं कारणही नसेल, असं तुम्हाला वाटलं. किती कमी ओळखत होतात मला! निवडीला शाळेतून एकीलाच पाठवणार होते, आणि दुसरं नाव माझंच होतं. अक्का नसती तर मी जाणार होते.

"काल जिना उड्या मारत उतरली की," मी म्हणते.

काल ती जिना बसत बसत, एकेक पायरी सरकत उतरली होती. माझाच हात धरून. अक्का माझ्याकडे पाठ करून बसलेली, खाली रस्त्यावरच्या गाडीच्या हॉर्नमध्ये तिला काही ऐकू गेलं नाही. तुम्ही म्हणालात, "सरी, ठीक आहे, मग आज मोठ्यावरून." ती कंबरेएवढ्या खोक्यावर चढली, खाली आली आणि उसळलीच नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ती प्लास्टरमध्ये असताना मी तिचे स्पाइक्स घालून निवडीला गेले आणि शेवटच्या नंबरावर संघात आले. त्याच सर्टिफिकेटावर मला ही शाळेतली नोकरी लागली. अक्काचं लग्न उन्हाळ्यात झालं, सप्तपदीला ती लंगडत होती. आईनं तुमच्याशी बोलणं टाकलं, मामांनी चार लोकांत तुम्हाला कसाई म्हटलं. तुम्ही खोके फोडून बंबात घातलेत आणि ऐकून घेतलंत. तुम्ही एकदा जरी म्हणाला असता, धाकटीला विचारलं होतं मी, तर माझं काय झालं असतं? सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग "सरी" म्हणालात आणि जेवायला बसलात. त्या बघण्याचा मला अजून राग येतो.

दर वर्षी नव्या मुलींना मी तुमची गोष्ट सांगते. आमच्या अण्णांनी असं केलं, तुम्ही करू नका. मुली हळहळतात, तुम्हाला शिव्या घालतात. त्या गोष्टीत मी नसते.

हे पत्र खरं तर अक्काला जायला हवं. ती इंदिरानगरात राहते, इथून एका बसच्या अंतरावर, थंडीत पायाला गरम पट्टा बांधून. मी तिला ते देणार नाही, तुमच्याच नावावर राहू दे. काल तिचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "तू तरी त्या दिवशी मध्ये पडायचं होतंस गं."

"अण्णांपुढे कुणाचं चालायचं का अक्का?" मी म्हटलं.