विमानाची खोट

अप्पा, विमान विकलं. गेल्या मंगळवारी गेलं ते. गेलं म्हणजे उडून नाही, ट्रकवरून गेलं. पंख सोडवलेले, नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधलेलं, मागं एक लाल फडकं. गेवराईच्या पुढं हमरस्त्यावर एक मोठं हॉटेल झालंय, त्याच्या मालकाला ते गच्चीवर बसवायचंय. लोक गाड्या थांबवतील, विमानापुढं उभं राहून फोटो काढतील आणि मग खाली उतरून शेवभाजी खातील, असा त्याचा अंदाज. माणूस वाईट नाही. निघताना मला म्हणाला, "मालक, काय काळजी करू नका, लायटिंग करतो त्येला. लई लांबून दिसंल." मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. आता लिहायला बसलोय, कारण ही गोष्ट घरात कुणाला सांगता येत नाही. तुमच्या सुनेला तर बिलकुल नाही.

ते आणलं तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. बावीस वर्षं झाली. एका बंद पडलेल्या क्लबाकडून घेतलेलं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं एवढंसं विमान. नांदूरघाटात ट्रकमधून उतरवलं तर अर्धं गाव जमा. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "येवढ्यात दोन ट्रॅक्टर आले असते की रे, येड्या." तुम्ही दुकानाच्या गादीवरून उठून आलात, विमानाभोवती एक चक्कर मारलीत आणि मला एवढंच विचारलंत, "कावून?" लहानपणापासून वाटायचं, बस्, एवढंच. तुम्ही म्हणालात, "माळावर मुरूमच हाय. तिथं काय पिकत न्हाई. तिथं पळव त्येला." तुमच्या तोंडून याच्यापेक्षा मोठा आशीर्वाद मला कधी मिळाला नाही.

आणि मग तुमचा तो काटा! परवान्यांची भानगड दोन वर्षं चालली, ती संपल्यावर मी घरात बोलता बोलता म्हणालो की शेजारी बसणारा माणूस ऐंशी किलोच्या वर नको. झालं, तुम्ही ते मनावरच घेतलंत. ज्याला वर जायचंय त्यानं आधी दुकानात यायचं, चपला काढायच्या आणि जिथं तुरीची पोती तोलतात त्या काट्यावर उभं राहायचं. तुम्ही गादीवरून चष्म्याच्या वरून बघणार. "ब्याऐंशी. न्हाई जमत." तालुक्याचे एक पुढारी पांढऱ्या कपड्यांत आले होते, चार माणसं बरोबर. म्हणाले, "अप्पा, दोन किलोनं काय बिघडतंय?" तुम्ही म्हणालात, "दोन किलोसाठी मी पोतं परत तोलतो. मंग तुमाला कावून सोडू?" ते बिचारे महिनाभर रात्रीचं जेवण सोडून परत आले आणि काट्यावर एक्क्याऐंशी भरले. तुम्ही त्यांना खिशातली डायरी आणि किल्ल्या काढून ठेवायला लावल्या. मग सोडलंत. मला हसू दाबता येईना.

तुमचं वजन चोपन्न. तुम्हाला कुणी अडवलं नसतं, पण तुम्ही तीन वर्षं विमानात बसलाच नाहीत. मीही फार आग्रह केला नाही, भीड वाटायची. मग एका सकाळी तुम्ही स्वतःच माळावर आलात. धोतराचा काचा मारलेला, टोपी घट्ट. आपण वर गेलो. मला वाटलं, आता अप्पा काहीतरी बोलतील. मांजरा धरणाचं पाणी दिसलं, तुम्ही गप्प. गावावरून फिरवलं, गप्प. खाली उतरल्यावर धोतर झटकलंत आणि म्हणालात, "दुकानाचा पत्रा मागच्या अंगानं गंजलाय. उद्या मानूस लाव." एवढंच! मी चिडलो होतो तेव्हा. आता एकटा असलो की ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघतो.

हे सगळं विकायची पाळी का आली, ते सांगतो. काचबिंदू. मला काही कळतच नव्हतं, समोरचं स्पष्ट दिसायचं. दर वेळी उडायच्या परवान्यासाठी तपासणी असते, तशी या खेपेलाही शहरात गेलो. एका पांढऱ्या डब्यात हनुवटी टेकवायला लावली, हातात बटण दिलं. तिथली मुलगी म्हणाली, "दिवा दिसला की दाबायचं, काका." मी बसलोय. एखादा दिवा लागतो, दाबतो. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघतोय. शेवटी वैतागून म्हणालो, "बाई, दिवे लाव की." ती हळूच म्हणाली, "काका, लागून गेले ते." मी डब्यातून तोंड बाहेर काढलं नाही. काढवेना. डॉक्टरांनी नंतर कागदावर गोल काढून दाखवलं, दोन्ही बाजूंनी काळं भरलेलं. म्हणाले, आहे तेवढं टिकवू, पण विमान आता नाही. मी भांडलो, विनवण्या केल्या, त्यांच्यापुढं हात जोडले. एकसष्ट वर्षांचा माणूस मी, लहान मुलासारखा बोललो. त्यांच्याही हातात काही नव्हतं.

तुम्हाला कसं जमलं हो? तुमचे हात थरथरायला लागले, काट्यावर वजनं ठेवताना वाजायला लागली. मग पाडव्याला वहीपूजन झालं आणि तुम्ही गादीवरून उठलात ते उठलात. मला बस म्हणाला नाहीत, काही समजावलंसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या बाकड्यावर बसायला लागलात. कुणी भाव विचारला की आतल्या बाजूला बोट दाखवायचात. मला तेव्हा वाटलं की यात काय मोठं, वय झालं की माणूस उठतो. मला माफ करा. मी सहा महिने रोज सकाळी माळावर जाऊन, उडायचं नसताना, त्या विमानाच्या काचा पुसत होतो.

आता खरं सांगायचं ते सांगतो. गावात, सोयऱ्यांत, तुमच्या सुनेला, सगळ्यांना मी सांगितलंय की उडवणारं गिऱ्हाईक मिळालंच नाही, म्हणून हॉटेलवाल्याला द्यावं लागलं. गिऱ्हाईक आलं होतं, अप्पा. अंबाजोगाईच्या एक डॉक्टरीणबाई, ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या. पंचेचाळिशीच्या असतील. सुट्ट्या काढून काढून बाहेरच्या राज्यात विमान शिकून आलेल्या. आल्या त्या चहाला थांबल्या नाहीत, आधी विमानाभोवती फिरल्या. प्रत्येक तारेवरून बोट फिरवलं, एकेक पिन हलवून बघितली, कॅनमधल्या पेट्रोलचा वास घेतला. मी मनात म्हणालो, हिला येतंय. आनंद व्हायला पाहिजे होता मला. खरंच सांगतो, तोवर झालाही होता.

मग त्या डाव्या खुर्चीत बसल्या. माझ्या. उंची कमी, पाय पायडलपर्यंत पोचेनात. त्यांनी खालची कडी ओढली आणि खुर्ची दोन भोकं पुढं सरकवली. बावीस वर्षांत ती खुर्ची जागची हलली नव्हती. कर्रर्र आवाज झाला. मला शेडचा खांब धरावा लागला. त्यांना काय कल्पना? त्या हसून म्हणाल्या, "काका, आता खोट सांगा. तुमच्या दुकानाची रीत मला माहितीय. माझे वडील तुमच्या अप्पांकडंच तूर घालायचे."

खोट काहीच नव्हती. इंजिन दोन वर्षांपूर्वी पूर्ण उघडून मी स्वतः बसवलेलं. आणि मी काय म्हणालो? "इंजिनाच्या खोक्याला आतून बारीक चीर हाय. खाली चालतंय चांगलं. पण वर गेल्यावर कवा दगा देईल, सांगता येत न्हाई." अडखळलोसुद्धा नाही. बाईंनी दांड्यावरचा हात काढून घेतला. मग उतरल्या आणि मला चक्क वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "दुसरा कुणी असता तर सांगितलं नसतं. जीव वाचवलात माझा." मग घरी येऊन चहा घेतला, तुमच्या फोटोलाही हात जोडले आणि गेल्या.

तुम्हाला ती मोटार आठवली असेल. मला तर त्याच क्षणी आठवली. मी चोवीस-पंचविसाचा, धान्याच्या दुकानात नुकतंच पाण्याच्या मोटारींचं सुरू केलेलं. कॉइल जळालेली एक मोटार नव्यानं भरून, रंग मारून मी वस्तीवरच्या एका धनगराला नवी म्हणून दिली. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही मारलं नाही, ओरडला नाहीत. दुकान बंद केलंत भर बाजाराच्या दिवशी आणि मला चालवत त्यांच्या वस्तीवर नेलंत, उन्हात. तिथं पोचल्यावर मला पुढं ढकललंत. "तू सांग." मी सांगितलं, मान खाली घालून. त्या धनगरानं उलट हसून आपल्याला ताक दिलं, म्हणाला, "जाऊ द्या अप्पा, चालतीया की ती." तुम्ही ताकाला हात लावला नाहीत. मोटार बैलगाडीत घालून परत आणली. घराजवळ आल्यावर तुम्ही बोललात, "आपल्याकडं आधी खोट सांगायची, मंग भाव. दुसरं काय न्हाई आपल्याकडं." मी त्यानंतर कधीही, कुणालाही, एका नटाचीसुद्धा खोट लपवली नाही. तुमच्या शपथेवर सांगतो. आणि आता ही नसलेली खोट सांगून बसलो. याला तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी रोज विचार करतो. तुमच्या दुकानात असं कधी झालंच नव्हतं, म्हणून तुमचं बोलणंही मला ऐकू येत नाही.

बाईंनी ही गोष्ट अंबाजोगाईत दहा जणांना सांगितली. ती फिरून फिरून इकडं आली. आता बाजारात लोक मला थांबवून म्हणतात, "अप्पाचा पोरगा अप्पावरच गेला." कुणी दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी हसतो आणि पुढं जातो. पंधरा दिवसांतच मी हॉटेलवाल्याला होकार दिला. त्याच्या गच्चीवर त्या खुर्चीत कुणी बसलं तरी विमान कुठं जाणार नाही, एवढं तर आहे, असं मला वाटलं. काय ते वाटणं! त्याला तर इंजिनसुद्धा नको होतं, वजन कशाला म्हणाला. इंजिन शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ठेवलंय. त्याला कुठंही चीर नाही.

परवा बाईंचा फोन आला. "काका, एक विमान बघितलंय पुण्याकडं. विकणारा म्हणतो, काहीच खोट नाही. म्हणूनच भीती वाटते. तुम्ही येता का बघायला? तुम्ही हो म्हणालात तरच घेईन." अप्पा, सांगायची वेळ तीच होती. तोंड उघडलं होतं मी. बाई, माझ्या विमानाला काही झालेलं नव्हतं, एवढं एकच वाक्य. जिभेवर आलेलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "कवा निघायचं?" तुमच्या सुनेनं ऐकलं, ती खूश. "बरं झालं, जरा मन तरी रमेल तुमचं." मीही मनाची समजूत घातली की एकेक पिन तपासून देईन, बाईंना फसू देणार नाही, झाली चूक थोडी तरी फिटेल. तपासीन मी, त्यात काही खोटं नाही. डोळ्यांना कडेचं दिसत नसलं तरी बोटांना सगळं कळतंय अजून.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवता यायचं नाही, तुमची सून तिथली धूळ रोज पुसते. फाडून टाकीन. पण त्याआधी एवढं कबूल करतो. इंजिन तपासायचं म्हणजे ते चालू करावं लागतं, आणि चालू करायचं तर डाव्या खुर्चीत बसावं लागतं. पाच मिनिटं, फार तर दहा. मी हो म्हणालो ते तेवढ्यासाठी. रविवारी निघायचंय आणि बॅग मी आजच भरून ठेवलीय.